दाजी आणि आठ तुकडे

त्यांचं नाव पांडुरंग, पण फौंड्रीत त्या नावानं हाक मारायचे फक्त मालक, आणि तेसुद्धा चिडले तरच. बाकी भट्टीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचे ते दाजी. आमच्या कोल्हापुरातल्या फौंड्रीत निम्मी माणसं नेसरी भागातली आणि दाजींची बायको नेसरीची. गावची लेक म्हणजे सगळ्यांची बहीण, आणि बहिणीचा नवरा तो दाजी, विषय संपला. उरलेली निम्मी माणसं कुठली कुठली होती, पण त्यांनीही मुकाट्यानं तेच नाव उचललं. दाजी स्वतः शाहूवाडीकडचे, भाताच्या खाचरात वाढलेले. फौंड्रीच्या धुरात आयुष्य गेलं तरी पावसाळ्यात त्यांचं अर्धं चित्त गावच्या रोपात असायचं.

मी त्याच फौंड्रीत स्टोअर सांभाळायचे. माझं माहेर नेसरीच्या पलीकडं, मधे एक ओढा तेवढा. त्यामुळं मी ठरले मेहुणी. आपल्याकडं मेहुणीची थट्टा करायचा दाजीला हक्कच असतो, आणि दाजींनी तो एक दिवस वाया घालवला नाही. सकाळी स्टोअरच्या खिडकीत तोंड घालून पहिलं वाक्य, "काय मेव्हणीबाई, आज तोंड कडू कारल्यागत?"

"तुमचं तोंड बघितलं की आणि काय हुणार?" मी म्हणायचे आणि पॉलिश पेपरचा गठ्ठा त्यांच्या अंगावर फेकायचे. माझा स्वभाव तिखट आहे. सुपरवायझर लोक माझ्या खिडकीशी येताना घसा साफ करून येत. दाजी मात्र हसत येत आणि हसत जात, आणि मी उरलेला दिवस जरा बऱ्या तोंडानं काढायचे.

त्यांचं काम पॅटर्न शॉपात. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडाचा नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबला की साचा निघतो. असले नमुने दाजी करायचे. ठेंगणी मूर्ती, पांढऱ्या मिश्या, शर्टाच्या खिशात चपटी पेन्सिल आणि एक डोळा कायम बारीक केलेला. लाकडाची कड सरळ आहे का ते बघून बघून लागलेली सवय. समोर माणूस बोलत असला तरी दाजी एक डोळा मिटून त्याच्याकडं बघायचे. नवीन माणूस बिचारा भांग सारखा करायला लागायचा.

आणि वाटपाचं तर त्यांना वेडच होतं. दुपारच्या सुट्टीत पॅटर्न शॉपातल्या लांब बाकावर आम्ही आठ-दहा जण जेवायला बसायचो. कुणी आपापला डबा खायचा नाही, हा दाजींचा कायदा. सगळे डबे मधे. मग दाजी उभं राहून कुणाची सुकट, कुणाचं वांगं, कुणाची कालची आमटी यांचे सारखे भाग घालायचे. एकदा कुणाच्या तरी घरून बासुंदी आली. दाजींनी ती चहाच्या कपांत ओतली आणि दोन दोन कप शेजारी धरून वाकून बघत बसले, पातळी जमली का. मी म्हटलं, "दाजी, गवंड्याची लेव्हल लावा की." तर हा माणूस खरंच उठून आणायला निघाला. सगळ्यांनी हात जोडून त्यांना खाली बसवलं.

दाजींना खोटं बोलता यायचं नाही, याची आमच्या फौंड्रीत एक गोष्ट आहे. एकदा त्यांना कुस्त्यांच्या मैदानाला जायचं होतं. रजा मिळेना. मग सांगितलं, "सासूबाईंची मावशी गेली, मातीला जायाला पायजे." मालकांनी हळहळून सोडलं. आणि नेमकी त्याच दिवशी ती मावशी, डोक्यावर तांदळाचं बोचकं घेऊन, फौंड्रीच्या फाटकाशी हजर. बाजाराला आली होती, म्हटलं जावयाला भेटून जावं.

"आमच्या पांडुरंग जावयाला बोलवा की," म्हातारी म्हणाली.

वॉचमन जागचा हलेना. शेवटी म्हणाला, "आज्जी, ते तुमच्याच मातीला गेल्यात."

पुढं महिनाभर फौंड्रीत दुसरा विषय नव्हता. दाजी मात्र पुढच्याच रविवारी नवं लुगडं घेऊन त्या मावशीच्या घरी गेले. "जित्या माणसाला मारलं, लुगडं तरी द्यायला नको व्हय?" मला सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी थाप मारल्याचं मला माहीत नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी स्वाती. ती एका लॅबमध्ये नोकरीला लागली आणि पहिल्या पगाराला तिनं आई-बापाला पिझ्झा खायला नेलं. रंकाळ्याकडं जाताना एका गल्लीत एक जुनी पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथं इंजिनं दुरुस्त व्हायची. मग अजित नावाचा मुलगा पुण्याच्या मोठ्या हॉटेलात हात पोळत काम शिकून परत आला आणि त्यानं आजोबांच्या त्या शेडात भट्टी टाकली. बाहेर नाव झकास इटालियन, पण गल्लीतली माणसं 'शेडातला पिझ्झा'च म्हणतात. अजितचं घर जैनांचं, शेतकरी. घरात त्याची आई लसणाला शिवत नाही आणि शेडात पोरगा दिवसभर गार्लिक ब्रेड भाजतो. पिझ्झा, पास्ता, बर्गर, सगळं मिळतं, आणि पाच-सहा जणांचं घर पोटभर खाऊन उठलं तरी बिल बघून बापाचा चेहरा उतरत नाही. तिथं सायकलवरनं आलेलं कुटुंबही बसलेलं असतं आणि मोटारीतनं आलेलंही.

दुसऱ्या दिवशी दाजी खिडकीशी आले ते थट्टा विसरून.

"मेव्हणे, तू पिझ्झा खाल्लायस?"

"माझी पोरं खात्यात. मला न्हाय आवडत."

"चवीचं सोड गं. त्यो कापत्यात कसा ते बघितलायस? एक चाक असतंय. असं फिरवलं, तसं फिरवलं, आठ भाग! सगळं सारखं! कुणाला जास्त न्हाय, कुणाला कमी न्हाय. भांडायचा विषयच न्हाय गं!"

मी म्हटलं, दाजी, एवढं काय त्यात. पण त्यांचं ऐकणं संपलं होतं. आठवड्याभरात त्यांनी स्टीलच्या पत्र्याचं तसलं एक चाक तयार केलं, सागवानी मुठीचं, आणि घरी नेऊन भाकरी कापायला लागले. त्यांच्या बायकोनं, आमच्या सुमनक्कानं, दोन दिवस बघून घेतलं. तिसऱ्या दिवशी चाक उचलून माळ्यावर टाकलं. "भाकरी मोडायची असती. कापायची न्हाय," एवढंच म्हणाली. सुमनक्का मुळातच कमी बोलायची. दाजी चार माणसांचं बोलायचे, त्यामुळं घरात बोलणं कमी पडायचं नाही.

आता पिझ्झा बघून ह्या माणसाला भांडणं का आठवली, ते सांगायला पाहिजे.

सुमनक्काला दोन भाऊ. थोरला म्हादू नेसरीत शेती करतो, धाकटा संभा कोल्हापुरात टायरचं दुकान चालवतो. दोघं एकमेकांवर जीव टाकणारे. संभाचं दुकान उभं राहिलं तेव्हा म्हादूनं आपली म्हैस विकली होती. अशा दोघांचं फाटलं ते गावच्या म्हाईला. म्हाई म्हणजे वर्षाची जत्रा, घरोघरी मटण, पावण्यांची रीघ. त्या वर्षी संभाचे सासू-सासरे यायला उशीर झाला. पंगतीवर पंगती उठल्या होत्या. पातेल्यात मटणाच्या फोडी संपल्या होत्या, नुसता रस्सा उरला होता. म्हादूनं तोच वाढला. संभाच्या सासऱ्यांनी वाटीत बोट फिरवून बघितलं आणि काही न बोलता भात कालवला. झालं.

"माझ्या पावण्यांना पाणी वाढलंस व्हय?" संभा भर मांडवात ओरडला.

"उशिरा येणाऱ्यांना काय माझी मांडी कापून वाढू?" म्हादूचा आवाज त्याच्या वर.

संभानं जोतिबाची आण घेतली, तुझ्या घरचं अन्न खाणार न्हाय. म्हादूनंही तीच आण घेतली, तुझ्या शेजारी पंगतीला बसणार न्हाय. आमच्याकडं जोतिबाची आण म्हणजे तोंडातनं गेली की गेली. ती गिळता येत नाही.

आणि मग वर्षांवर वर्षं तसंच. मला त्यातली एक भाऊबीज आठवते, मी काही तरी द्यायला दाजींच्या घरी गेले होते. आत म्हादू पाटावर बसलेला, सुमनक्का त्याला ओवाळतेय. आणि बाहेर कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्याशी संभा उभा, थोरला बाहेर पडायची वाट बघत. म्हादू गेला की हा आला. सुमनक्कानं निरांजनात नवी वात घातली आणि पुन्हा ओवाळलं. तिच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं. मला मात्र तिथल्या तिथं दोघांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. दोन म्हसोबे, आणि मधे ही बहीण दिवसभर वाती वळतेय!

त्यात स्वातीचं लग्न ठरलं. मुलीला मांडवात आणायचं ते मामानं, मंगलाष्टका चालू असताना पाठीशी उभं राहायचं ते मामानं. दोन मामा आहेत आणि दोघांचं एकच म्हणणं: तो असला तर मी नाही. म्हादू म्हणाला, मी थोरला, मान माझा. संभा म्हणाला, पोरगी माझ्या मांडीवर वाढली, मान माझा. स्वाती म्हणाली, "मग मी एकटीच चालत जाते, दोघंबी नकोत."  बस्ता बांधायला गेलो तेव्हा सुमनक्कानं दोन भावांचे दोन फेटे हातात घेतले आणि नुसती बघत राहिली. दाजी बाहेर पायरीवर येऊन बसले.

"मेव्हणे, ही असल्या तोंडानं लेकीचं लग्न करणार. मी काय करू सांग." पहिल्यांदाच मी त्यांना असं खचलेलं बघत होते.  मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

चार दिवसांनी दाजी खिडकीशी आले. एक डोळा बारीक.

"रविवारी संध्याकाळी शेडात यायचं. पिझ्झा खायला. तू पायजेसच."

"मी कशाला? तुमच्या घरच्या कार्यात?"

"म्हादू, संभा, दोघांच्या बायका, मी, स्वाती, तिची आई. सात झाली. तुकडं आठ असत्यात. एक जादा उरला की घात. पुन्हा तू घे, मी घेतो, न्हायतर मला न्हाय दिला. आठवी तू."

 हा माणूस दोन कुटुंबांचा तंटा पिझ्झाच्या मापानं तोडायला निघाला होता.

"आणि त्यांची आण?"

"शेड कुणाच्या बापाचं घर न्हाय, म्हंजे संभाची आण मोडत न्हाय. आणि टेबलाला कोण पंगत म्हणत न्हाय, म्हंजे म्हादूची मोडत न्हाय. त्यात मटण न्हाय, रस्सा न्हाय, फोडी न्हाईत. काय म्हणशील?"

"येणार कशी ती दोघं? थाप मारणार?"

"छ्या! दोघांनाबी खरं सांगितलं. म्हादूला म्हटलं, संभा येतोय, तू आला न्हाईस तर मामाचा मान त्येला गेला असं समज. संभालाबी तसंच." आणि मिश्यांतनं हसले. "दोघंबी मी सांगायच्या आत व्हय म्हटले."

रविवारी मी गेले. शेडात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर अजितनं रंगवून घेतलेला इटलीतला तो वाकडा मनोरा. दाजी त्या मनोऱ्याकडं पाठ करून बसले. वाकडी वस्तू त्यांना बघवत नसे. दोन टेबलं जोडलेली होती. ह्या टोकाला म्हादू, टोपी, पांढरा सदरा, मांडीवर दोन्ही हात. त्या टोकाला संभा, मोबाइलमध्ये मान घालून. दोघी जावा मधे समोरासमोर, एकमेकींच्या साडीचे काठ बघत. स्वाती पाणी ओतत होती. सुमनक्का माझ्या शेजारी, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन.  शेजारच्या टेबलावर एका पोरानं बर्गर खाताना सगळं तोंड माखून घेतलं होतं आणि आम्ही आठही जण त्याच्याकडंच बघत होतो, कारण दुसरीकडं बघायची सोय नव्हती.

आधी पास्ता आला, एक तांबडा, एक पांढरा. म्हादूनं पांढऱ्यात चमचा घातला, चव घेतली आणि समोरच्या पंख्याला सांगितलं, "पांढरा रस्सा आटलाय ह्येंचा."

संभा मोबाइलला म्हणाला, "त्ये सॉस असतंय. तसंच असतंय घट्ट."

"मला काय ठावं."

दाजींनी माझ्याकडं झुकून कानात सांगितलं, "बोलली, बोलली!" त्यांचं कानातलं बोलणं म्हणजे पत्र्यावर खडे. सगळ्या टेबलानं ऐकलं. दोघा भावांनी लगेच तोंडं मिटली. मला तर वाटलं, ह्या माणसाच्या तोंडात बर्गर कोंबावा.

मग पिझ्झा आला. अजित कापायला लागला तर दाजींनी त्याच्या हातातनं चाक घेतलं. उभे राहिले. एक डोळा मिटला. चार रेघा मारल्या आणि आठ तुकडे पाडले, असे की अजितसुद्धा म्हणाला, "दाजी, कामाला या की इथं." ताट फिरलं. ज्यानं त्यानं आपला तुकडा उचलला. आणि ताट परत मधे आलं तेव्हा त्यात एक तुकडा उरलेला.

दाजींनी माणसं मोजली. तुकडा बघितला. परत माणसं मोजली. "आठच केलते की मी," ते पुटपुटले. चेहरा असा झाला, जणू नमुन्यात माप चुकलं आणि शंभर नग ओतून झाले.

"आई, तुझा हाय तो. घे की," स्वाती म्हणाली.

"मला नको," सुमनक्का म्हणाली. "रविवार हाय."

दाजींनी कपाळावर हात मारून घेतला. सुमनक्का जोतिबाचा रविवार करते, हे मलासुद्धा माहीत होतं. माझं तोंड गप्प बसलं नाही. "धन्य दाजी! आठवं माणूस गल्लीतनं धरून आणलं आणि घरातलं विसरला!"

जावा हसल्या. संभापण जरा हसला. तो म्हणाला, "पण आक्का, दिवस मावळला की. सोड आता उपास. रविवार संध्याकाळचा सोडत्यात."

"मी सोमवारी सकाळचा सोडती."

"असला कुठला रविवार?" म्हादूनं विचारलं. आयुष्यभर घरात जोतिबाचं केलेला माणूस, त्याला ते खटकलं. "आईनं कवा असा केला न्हाय."

सुमनक्कानं टेबलाच्या कडेवरनं बोट फिरवलं. मग नेहमीच्याच आवाजात, भाजी काय आणायची ते सांगावं तशी बोलली. "म्हाईत तुमचं झालं न्हवं का. त्याच्या फुडच्या रविवारी डोंगरावर गेलते. देवाला सांगून आलते, माझी दोन भावंडं एका जागी बसून जेवस्तवर मी रविवारचं जेवणार न्हाय म्हणून."

संभानं मोबाइल टेबलावर उपडा ठेवला.

दाजी हळूच खुर्चीवर बसले. "आणि मी?" ते म्हणाले. "दर रविवारी मी मटण आणतोय. तू वाढतियास. सांजच्याला तरी रस्सा घे म्हणतोय, तू नको म्हणतियास, आणि मी आपला वरपतोय की गं..."   रडू आलं मला, आणि मी काही ऊठसूट रडणारी बाई नाही.

म्हादूनं टोपी काढून टेबलावर ठेवली. ताटातल्या त्या तुकड्याकडं बघत म्हणाला, "आक्का, हे धरायचं का? हितं बसून खाल्लेलं?"

"ते मला काय ठावं? देवाला ठावं."

म्हादूनं तो तुकडा उचलला. चीजची तार ताटापासनं लांबत लांबत आली, ती त्याला तोडता येईना, शेवटी हाताला गुंडाळली. मग दोन्ही हातांनी तुकडा मोडला. एक भाग मोठा आला, एक चिमूटभर. दाजींनी तेवढ्यातही सवयीनं डोळा बारीक केला, पण काही बोलले नाहीत. म्हादू खुर्ची सरकवून उठला, टेबलाला वळसा घालून त्या टोकाला गेला आणि मोठा भाग संभाच्या ताटात ठेवला. त्यावर पनीरचे तीन-चार तुकडे होते. त्यांच्याकडं बोट केलं.

"खा. ह्यात फोडी हायत."

संभानं ताट जवळ ओढलं. मग त्यातला एक घास मोडून त्यानं सुमनक्काच्या तोंडाशी धरला. तिनं त्याचा हात मागं सारला. "आदी तू. तू खाल्ल्याबिगर माझं सुटत न्हाय."

संभानं खाल्ला. चावताना त्याचे डोळे वाहायला लागले. "लई तिखट केलंय लेकानं," असं म्हणून त्यानं सगळा दोष अजितच्या मिरचीवर टाकला. म्हादूनं त्याच्या शेजारी उभ्या उभ्याच चिमूटभर भाग तोंडात टाकला. मग दोघांनी मिळून बहिणीला भरवलं. सुमनक्कानं सावकाश चावलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघतोय.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

आणि मग जे हसायला सुरुवात झाली, ते शेजारचं बर्गरवालं पोरगंसुद्धा आमच्यात येऊन हसायला लागलं. म्हादू संभाच्याच शेजारी बसला. अजित दुसरा पिझ्झा घेऊन आला आणि चाक दाजींपुढं धरलं. दाजी म्हणाले, "नको, ठेव तसाच. मोडून खातो आम्ही." कुणी किती खाल्ला ते त्या रात्री दाजींनीही बघितलं नाही. जेवण झाल्यावर दोन्ही भाऊ गल्ल्यापाशी एकमेकांचे हात धरून ओढत होते, मी देणार, मी देणार. अजितनं शेवटी त्या दोघांना बाजूला सारून स्वातीकडनं पैसे घेतले.

सोमवारी दाजी खिडकीशी आले. मला वाटलं, आता मिरवणार. तर नाही. "माझा हिशेब सगळा चुकला गं," म्हणाले. "चुकला तेच बरं झालं. पण हिचं रविवार मला दिसलं न्हाईत, मेव्हणे. येवढी वर्सं." मी फेकायला उचललेला पॉलिश पेपरचा गठ्ठा परत खाली ठेवला. "ह्या रविवारी मी करणार मटण," ते म्हणाले. "मी वाढणार, ती जेवणार." आणि खरंच केलं. मसाला करपला होता असं स्वाती सांगत होती, पण सुमनक्कानं दोनदा मागून घेतलं.

पुढच्या रविवारी म्हादू आणि संभा एकाच मोटारसायकलवरनं जोतिबाला गेले, आण उतरवायला, देवाची माफी मागायला. गुलालानं दोघं इतके माखून आले की कुठला थोरला आणि कुठला धाकटा ते आवाजावरनं ओळखायला लागत होतं.

स्वातीच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत दाजी निवृत्त झाले आणि सुमनक्काला घेऊन शाहूवाडीला गेले. आता फोन होतो. "मेव्हणे, यंदा भात असा आलाय की, ये बघायला," म्हणतात, आणि माझं जाणं होत नाही. त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं राहिलेले दाजी म्हणजे लग्नातले दाजी.

स्वातीला मांडवात दोन्ही मामांनी आणलं, एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. पाठीशी दोघंही उभे राहिले. भटजींनी एकदा दोघांकडं बघितलं आणि काही विचारायच्या फंदात पडले नाहीत. सुमनक्का मुलीकडं कमी आणि त्या दोघांकडं जास्त बघत होती. अक्षता पडल्या, जेवणं झाली, शेवटची पंगत घरच्यांची बसायची होती. मी पानसुपारीच्या ताटापाशी होते. आणि स्वयंपाकाच्या बाजूनं एकदम गलका उठला.

"तू बस म्हणतोय न्हवं! तुला पोटभर वाढल्याबिगर मी घास घेणार न्हाय!" हा म्हादू.

"थोरला असून तू वाढणार आणि मी खाणार? लोक श्याण घालतील माझ्या तोंडात! सोड ती बादली!"

"न्हाय सोडत!"

"सोड म्हणतो!"

जिलेबीची बादली दोघांच्या मधे, एकाचा हात एका कडीला, दुसऱ्याचा दुसऱ्या. माणसं जमलेली.  मी दाजींना शोधत मांडवाच्या मागं पळाले. तिथं खुर्च्यांच्या थप्पीशेजारी दाजी एकटेच बसले होते, फेटा मांडीवर, पायातल्या वहाणा काढून ठेवलेल्या.

"दाजी, उठा! लागली की दोघांची पुन्हा! ऐकू येत न्हाय व्हय?"

"येतंय की," दाजी म्हणाले. हलले नाहीत. सगळं तोंडभर हसू पसरलेलं, आणि गाल ओले.

"मग सोडवा की जाऊन!"

"गप गं मेव्हणे. किती वर्सांनी भांडायल्यात. ऐकू दे जरा."

मी थप्पीतली एक खुर्ची काढली आणि त्यांच्या शेजारी बसले.